एकाच वेळी तेवीस कामे: कारखान्यात किंवा संस्थेत प्रकल्पांची जबाबदारी नव्याने आलेल्यांसाठी

सोलापुरातील बहुतेक मध्यम कारखान्यांत आणि सहकारी संस्थांत 'प्रकल्प विभाग' नावाची खोली नसते. एके दिवशी मालक बोलावून घेतात, "नवी कामे फार झाली आहेत, तुम्ही जरा लक्ष घाला," असे सांगतात, आणि त्या दिवसापासून ती जबाबदारी तुमची होते. माझ्याबाबतीत असेच घडले. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टेरी टॉवेल तयार करणाऱ्या एका कारखान्यात मी उत्पादन नियोजनाचे काम पाहत होते. नवे काम हाती आल्यावर पहिले तीन महिने मी प्रत्येक प्रकल्पाचे वेळापत्रक सुबक करण्यात घालवले आणि त्यातले एकही वेळापत्रक पाळले गेले नाही. वेळापत्रके चुकीची नव्हती. ती सर्व त्याच चार माणसांच्या वेळेवर उभी होती, आणि हे कोणीही कधी एका कागदावर मांडून पाहिले नव्हते. तुम्ही ते पहिल्या महिन्यातच मांडावे, यासाठी हा लेख आहे.

सुरुवातीला काय जवळ हवे

फार काही लागत नाही. एक एक्सेलची फाइल, एक जाड वही, मालकांच्या किंवा कार्यकारी संचालकांच्या सहीचे तुमच्या जबाबदारीचे पत्र, मागील दोन वर्षांच्या भांडवली खर्चाची लेखा विभागाकडील नोंद, खरेदी विभागाकडील प्रलंबित ऑर्डरींची यादी आणि चालू वर्षाची सुट्ट्यांची यादी एवढे पुरेसे आहे. जबाबदारीच्या पत्राबाबत संकोच करू नका. तोंडी आदेशावर तुम्ही देखभाल विभागाच्या प्रमुखांकडे माहिती मागायला गेलात, तर ते चहा पाजतील आणि माहिती मात्र देणार नाहीत.

सॉफ्टवेअर विकत घेण्याची घाई करू नका. तीस प्रकल्पांपर्यंतचे काम एक्सेलमध्ये व्यवस्थित होते. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट किंवा प्रायमाव्हेरा ही साधने चांगली आहेत, परंतु ज्या संस्थेत चालू कामांची यादीच नाही, तिथे ती साधने म्हणजे ताणा (कापडाचे उभे धागे) भरण्याआधी डिझाइनवर वाद घालण्यासारखे आहे. प्रमाणपत्राचेही तसेच. प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट ही संस्था १९६९ पासून या विषयात काम करते आणि तिच्या अभ्यासक्रमाचा पुढे उपयोग होतो, मात्र पहिल्या वर्षी तुमची अडचण ज्ञानाची नसून माहितीची असते.

१. तीन शब्दांतील फरक पक्का करा

प्रकल्प म्हणजे ज्याला सुरुवात आणि शेवट आहे असे काम. नवे रॅपियर लूम (बिनधोट्याचा आधुनिक माग) बसवणे हा प्रकल्प आहे, त्या लूमवर रोज टॉवेल विणणे हा प्रकल्प नव्हे. एकमेकांत गुंतलेले काही प्रकल्प एकत्र चालवले की त्याला कार्यक्रम म्हणतात. लूम बसवणे, त्यासाठी वीजभार वाढवून घेणे, शेडचे छत उंच करणे आणि विणकरांना प्रशिक्षण देणे ही चार कामे वेगवेगळी संपली तरी उपयोग होत नाही, ती एकत्रच पूर्ण व्हावी लागतात. संस्थेने हाती घेतलेली आणि घेऊ पाहणारी अशी सर्व कामे म्हणजे पोर्टफोलिओ. त्यात संगणक प्रणालीपासून नव्या गोदामापर्यंत सर्व काही येते.

प्रकल्प व्यवस्थापक 'हे काम नीट कसे करायचे' असे विचारतो. पोर्टफोलिओ पाहणाऱ्याचा प्रश्न 'हे काम आत्ता करायचे की नाही' हा असतो. सोलापुरात मला पहिला प्रश्न विचारणारी हुशार माणसे पुष्कळ भेटली, दुसऱ्या प्रश्नाचा कोणी धनी नव्हता.

२. फिरून यादी करा, कार्यालयात बसून नव्हे

पहिली यादी मी कार्यालयात बसून केली, तेव्हा तिच्यात नऊ कामे होती. मग वार्पिंगपासून (ताणा भरण्यापासून) शिलाईपर्यंत प्रत्येक खात्यात जाऊन "सध्या रोजच्या कामाशिवाय आणखी काय चालू आहे?" एवढा एकच प्रश्न विचारला आणि यादी तेवीसवर गेली. रंगखात्यात एका पुरवठादाराच्या सांगण्यावरून मिठाचे प्रमाण कमी करण्याची चाचणी चालू होती. मालकांच्या धाकट्या भावाने निर्यातीच्या ग्राहकासाठी वेगळ्या पॅकिंगची ओळ सुरू करायला सांगितली होती. लेखा विभाग बिलिंगची नवी प्रणाली बसवत होता. यातल्या कोणत्याही कामाला 'प्रकल्प' हे नाव नव्हते, तरीही प्रत्येक काम इलेक्ट्रिकल इंजिनिअरचे किंवा संगणक पाहणाऱ्या मुलाचे दिवस खात होते.

इथे एक स्थानिक गोष्ट लक्षात ठेवा. शहराच्या पूर्व भागातून येणारे अनेक जॉबर (लूमवरचे मुकादम) आणि विणकर घरी व लूमवर तेलुगू बोलतात. कार्यालयाची यादी मराठीत तयार होते आणि शेडमधली खरी माहिती तेलुगूत फिरत असते. तेलुगू येणारा एक सहकारी सोबत घेऊन फिरा. "मास्तर, तो कोपऱ्यातला लूम दोन महिने का बंद आहे?" या साध्या प्रश्नातून मला तीन अर्धवट राहिलेली कामे सापडली.

यादीत प्रत्येक कामापुढे पाच रकाने ठेवा: कामाचे नाव, ते कोणी मागितले, कोण करत आहे, आजवरचा खर्च आणि ते केव्हा संपले असे म्हणता येईल. शेवटचा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा राहील. तो तसाच कोरा ठेवा आणि स्वतः अंदाजाने भरू नका, कारण बैठकीत पुढे त्या कोऱ्या जागांचीच चर्चा व्हावी लागते.

३. तेवीस भागिले चार

यादी झाली की मागील वर्षात खरोखर पूर्ण झालेली कामे मोजा. 'जवळजवळ झालेली' मोजू नका. आमच्याकडे ती चार निघाली.

जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये रांगांविषयीचा एक साधा नियम गणिताने सिद्ध केला. आत असलेल्या गोष्टींची सरासरी संख्या ही, त्या बाहेर पडण्याचा वेग आणि प्रत्येकीला लागणारा सरासरी काळ यांच्या गुणाकाराइतकी असते. बँकेच्या रांगेला हा नियम लागू पडतो, शेडमधल्या अर्ध्या तयार मालाला लागू पडतो आणि प्रकल्पांनाही. आमच्या बाबतीत तेवीस कामे आत होती आणि वर्षाला चार बाहेर पडत होती, म्हणजे एका कामाला सरासरी पावणेसहा वर्षे. हाच वेग ठेवून आठच कामे आत ठेवली, तर सरासरी दोन वर्षे. हा नियम दीर्घकाळाच्या सरासरीचा आहे, एखाद्या विशिष्ट कामाचे भविष्य तो सांगत नाही. तरी मालकांसमोर मी जेव्हा ही एक ओळ फळ्यावर लिहिली, तेव्हा खोलीत पहिल्यांदाच शांतता झाली. वेळापत्रकांच्या माझ्या तीस पानांनी ते काम केले नव्हते.

प्रत्यक्षात कामे कमी केल्यावर वेगही थोडा वाढतो, कारण माणसाची दिवसभराची ओढाताण कमी होते. परंतु ही वाढ आधीच आकड्यात धरू नका, झाली तर वरकड समजा.

४. आधी माणसे मोजा, पैसे नंतर

प्रत्येक संस्थेत पैशांचे अंदाजपत्रक असते, माणसांच्या दिवसांचे नसते. खरा अडथळा मात्र बहुधा दोन-चार विशिष्ट माणसांच्या वेळेचा असतो. आमच्याकडे ती माणसे होती इलेक्ट्रिकल इंजिनिअर, रंगखात्याचे मास्तर, खरेदी अधिकारी आणि संगणक पाहणारा तरुण. तुमच्याकडे ती वेगळी असतील. ओळखण्याची खूण अशी की, जे रजेवर गेले की एकापेक्षा अधिक कामे थांबतात, ते.

अशा प्रत्येक माणसाचा हिशेब मांडा. आमच्या इंजिनिअरचा असा होता. महिन्यात कामाचे दिवस २६. रोजच्या देखभालीत जाणारे १६. उरले १०. बिघाड, रजा आणि सरकारी कार्यालयांतील खेपा यांत सरासरी ३ जात. म्हणजे प्रकल्पांसाठी ७ दिवस. त्याच महिन्यात अकरा कामांना ते हवे होते आणि त्या कामांच्या वेळापत्रकांची बेरीज केली तर ती १९ दिवस भरली. हे दोन आकडे शेजारी लिहिल्यानंतर 'ते काम टाळतात' ही त्यांच्याविषयीची कुजबुज बंद झाली, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचा तो सर्वांत मोठा फायदा होता.

दोन सापळे इथे आहेत. पहिला, माणसाला विचारले तर तो बहुधा जास्त दिवस सांगतो, कारण वरिष्ठांसमोर 'मला वेळ नाही' असे म्हणणे कोणालाच आवडत नाही. त्यामुळे दोन आठवडे त्याच्यासोबत बसून रोजचा दिवस नोंदवा. दुसरा, बाहेरचा माणूस आणून लगेच भर पडेल असे समजू नका. नव्या माणसाला शेड, यंत्रे आणि माणसे समजावून सांगण्याचे काम त्याच जुन्या माणसाकडे येते, आणि सुरुवातीचे काही आठवडे त्याचे सात दिवस पाचवर येतात.

५. प्रत्येक कामाला एकच पान द्या

ज्या कामाचे पान नाही ते काम सुरू होणार नाही, असा नियम मालकांकडून मंजूर करून घ्या. पानावर एवढेच असावे: हे काम का करायचे, संपले म्हणजे नेमके काय दिसेल, कोण जबाबदार आहे, किती पैसे लागतील, वर सांगितलेल्या दुर्मिळ माणसांचे किती दिवस लागतील, आणि कोणत्या बाहेरच्या परवानगीवर किंवा पुरवठ्यावर ते अवलंबून आहे.

शेवटचा मुद्दा मी सुरुवातीला हलक्यात घेतला आणि त्याची किंमत मोजली. आमचे एक रंगाई यंत्र वेळेत, किंबहुना दोन आठवडे आधीच आले. वाढीव वीजभाराचा अर्ज मात्र त्याच्या आगमनानंतर दिला गेला होता. यंत्र सबंध पावसाळा ताडपत्रीखाली उभे राहिले आणि त्याच्या नियंत्रण पेटीत ओल गेली. अर्ज देणे कोणाचे काम आहे हे कुठल्याच कागदावर नव्हते आणि तो कागद तयार करणे माझे काम होते.

वस्त्रोद्योगातील कारखान्यासाठी पुढील बाबी पानावर आवर्जून तपासा.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची संमती बांधकामाआधी लागते आणि चालविण्याची संमती उत्पादन सुरू करण्याआधी. या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, दोहोंसाठी वेगळा वेळ धरा. रंगाईची क्षमता वाढत असेल तर सांडपाणी प्रक्रियेची क्षमताही तपासली जाते, म्हणून ती दोन कामे एका पानावर किंवा निदान एकमेकांचा उल्लेख असलेल्या पानांवर असावीत.

परदेशी यंत्र सवलतीच्या आयात शुल्काच्या ईपीसीजी (निर्यातवाढीसाठी भांडवली यंत्रे) योजनेतून आणत असाल, तर वाचलेल्या शुल्काच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करण्याचे बंधन येते. ही मुदत यंत्र चालू झाल्यापासून नव्हे, परवाना दिल्याच्या तारखेपासून मोजली जाते. प्रकल्प आठ महिने रेंगाळला तर ते आठ महिने तुमच्या निर्यातीच्या मुदतीतून गेले. हे गणित लेखा विभागाला माहीत असते, यंत्र बसवणाऱ्यांना नसते, आणि दोघांना एका टेबलाशी बसवणे हे तुमचे काम आहे.

६. क्रम लावा

बहुतेक लेखांत इथे गुणांचे तक्ते दिलेले असतात: धोरणाशी सुसंगतता ३० गुण, परतावा ३० गुण, जोखीम २० गुण वगैरे. मी तसा तक्ता करून पाहिला आहे. प्रत्येक खातेप्रमुख आपल्या कामाला हवे तेवढे गुण मिळेपर्यंत शब्द बदलत राहतो, आणि शेवटी सर्व कामे ७२ ते ७८ या पट्ट्यात येऊन बसतात. त्यापेक्षा पुढील रीत अधिक उपयोगी ठरली.

प्रथम, कायद्याने किंवा सुरक्षिततेसाठी अनिवार्य असलेली कामे बाजूला काढा. त्यांना क्रमवारी लागत नाही, ती करायचीच असतात. मात्र आपले काम अनिवार्य आहे असे प्रत्येकाला वाटते, म्हणून संबंधित नियम, नोटीस किंवा ग्राहकाच्या तपासणी अहवालातील ओळ दाखवा असे नम्रपणे विचारा. आमच्या तेवीसपैकी नऊ कामांवर 'अनिवार्य' लिहिलेले होते आणि कागद दोनच कामांचे निघाले.

उरलेल्या प्रत्येक कामासाठी एक प्रश्न विचारा: हे काम एक महिना उशिरा झाले तर किती रुपयांचे नुकसान होते? आलेल्या रकमेला त्या कामासाठी लागणाऱ्या दुर्मिळ माणसाच्या दिवसांनी भागा. समजा, शिलाई विभागातील हेमिंगचे (टॉवेलच्या कडा दुमडून शिवण्याचे) स्वयंचलित यंत्र महिन्याला ६०,००० रुपये वाचवणार आहे आणि त्याला इंजिनिअरचे ३ दिवस लागतात. नवे रंगाई यंत्र महिन्याला १,५०,००० रुपये वाचवणार आहे, पण त्याला १५ दिवस लागतात. पहिल्यात दर दिवसामागे २०,००० रुपये पडतात, दुसऱ्यात १०,०००. मोठ्या यंत्राचा आकडा बैठकीत भारदस्त वाटतो, तरी आधी हेमिंगचे काम उरकणे शहाणपणाचे आहे. तीन दिवसांत ते संपते, रंगाई यंत्राला तीनच दिवस उशीर होतो आणि तोवर साठ हजारांची बचत सुरू झालेली असते.

रुपयांचा अंदाज अगदी अचूक असण्याची गरज नाही. वीस हजार आणि दहा हजार यांतला फरक टिकण्याइतका तो बरा असला तरी चालतो. मात्र दोन कामे अगदी जवळ आली, तर आकड्यांवर वाद घालत बसू नका. मालकांना निवडू द्या.

क्रम लागल्यावर आणखी एक तपासणी बाकी असते. पोर्टफोलिओ हा शब्द गुंतवणुकीच्या क्षेत्रातून इकडे आला. हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये दाखवले की प्रत्येक गुंतवणुकीची जोखीम वेगवेगळी पाहून भागत नाही, त्या एकत्र पडतात की वेगवेगळ्या वेळी पडतात हे पाहावे लागते. या कामासाठी त्यांना १९९० मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक वाटून मिळाले. सोलापुरात याचा अर्थ उन्हाळ्यात कळतो. शहराचे पाणी मुख्यतः उजनी धरणावर अवलंबून आहे आणि धरण उणे साठ्यात गेल्याची बातमी आली की रंगखात्याशी संबंधित सर्वच कामांचे चेहरे एकदम उतरतात. तुमच्या यादीतील पहिल्या सहा कामांपैकी चार पाण्यावर टांगलेली असतील, तर कागदावर ती चार वेगवेगळी कामे आहेत, जोखमीच्या दृष्टीने ते एकच काम आहे. त्यातले एखादे मागे ढकलून पाण्याशी संबंध नसलेले, उदाहरणार्थ गोदामाच्या मांडणीचे काम पुढे घ्या.

७. थांबवण्याची रीत ठरवा

ही सर्वांत अवघड पायरी आहे आणि तंत्राशी तिचा फारसा संबंध नाही. कुटुंबाच्या मालकीच्या कारखान्यात काम थांबवणे म्हणजे कोणाच्या तरी शब्दाला धक्का लावणे असते. सहकारी संस्थेत तो धक्का एखाद्या संचालकाने सर्वसाधारण सभेत दिलेल्या आश्वासनाला बसतो.

मला तीन गोष्टींचा उपयोग झाला. बैठकीत प्रथमच कोणाचे काम थांबवल्याचे जाहीर करायचे नाही, आदल्या दिवशी त्याच्याकडे जाऊन हिशेब दाखवायचा. शिलाई विभागाचे प्रमुख मला म्हणाले होते, "मॅडम, सगळ्यांत माझंच काम बरं सापडलं तुम्हाला!" तासभर बसल्यावर त्यांनीच सुचवले की, त्यांच्या तीन कामांपैकी दोन थांबवा आणि हेमिंगचे मात्र नक्की करा. दुसरे, 'रद्द' हा शब्द टाळून 'थांबवलेली कामे' अशी वेगळी यादी ठेवायची आणि प्रत्येकापुढे पुन्हा विचार करण्याची तारीख लिहायची. तिसरे, त्या यादीत दोनदा तारीख उलटलेले काम आपोआप काढून टाकायचे. हा तिसरा नियम नसेल तर थांबवलेली यादी माळ्यावरच्या सामानासारखी वाढत जाते.

"आजवर अकरा लाख घातले आहेत, आता कसे थांबवणार?" हा प्रश्न हमखास येईल. तो अकरा लाखांचा खर्च थांबवले तरी परत येणार नाही आणि चालू ठेवले तरी येणार नाही. विचार करायचा तो येथून पुढे लागणारे पैसे व दिवस आणि येथून पुढे मिळणारा लाभ यांचाच. हे वाक्य बोलायला सोपे आहे, ज्यांनी ते पैसे मंजूर केले त्यांच्यासमोर बोलायला नाही, म्हणून आधी मालकांशी एकांतात बोला.

८. सोलापूरचे कॅलेंडर वेळापत्रकात घाला

बाहेरून आलेले सल्लागार इथे हमखास चुकतात. जानेवारीत संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांची यात्रा असते, नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवसांत शेडमध्ये हजेरी पातळ होते. मार्चमध्ये लेखा विभाग कोणत्याही नव्या प्रणालीच्या चाचणीला बसणार नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, लग्नसराई असते, पाणी कमी असते, त्यामुळे पत्र्याच्या शेडखालचे बांधकाम पहाटे आणि संध्याकाळीच चालते. आषाढी एकादशीच्या सुमारास पंढरपूरकडील रस्त्यांची वाहतूक वळवलेली असते, अवजड यंत्राचा ट्रेलर त्या आठवड्यात मागवू नका. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव असतो आणि पद्मशाली समाजातील कामगार त्या दिवशी येणार नाहीत हे गृहीत धरा. दसऱ्याला यंत्रांची पूजा, दिवाळीला आठवडाभर सुट्टी.

हे सर्व दिवस आधी भरा आणि मग उरलेल्या चौकटींत कामे बसवा. कामे लिहिण्यासाठी आडव्या पट्ट्यांचा गँट तक्ता पुरेसा आहे. हेन्री गँट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कारखान्यांच्याच नियोजनासाठी तो वापरात आणला, त्यामुळे शेडमधल्या माणसांना तो समजावून सांगावा लागत नाही. ज्या कामांत अनेक टप्पे एकमेकांवर अवलंबून आहेत, तिथे कोणती साखळी सर्वांत लांब आहे ते शोधा. त्या साखळीतील एक दिवसाचा उशीर म्हणजे सबंध कामाला एक दिवसाचा उशीर. आमच्या लूमच्या कार्यक्रमात ती साखळी यंत्राच्या पुरवठ्याची असेल असे सर्वांना वाटत होते, प्रत्यक्षात ती वीजभाराची निघाली.

९. महिन्यातून एक बैठक, साठ मिनिटे

बैठकीत प्रगतीचे वाचन करू नका. ते आदल्या दिवशी एका पानावर सर्वांना पाठवा. बैठक तीनच निर्णयांसाठी ठेवा: कोणते नवे काम सुरू करायचे, कोणते थांबवायचे आणि दुर्मिळ माणसांचे दिवस कोणाकडून कोणाकडे वळवायचे. एक काम पूर्ण झाल्याशिवाय किंवा थांबवल्याशिवाय नवे सुरू नाही, हा नियम पहिल्या वर्षी तरी मोडू देऊ नका. झालेले निर्णय त्याच दिवशी लिहून सर्वांच्या सह्या घ्या. वॉट्सॲपच्या गटावर निर्णय टाकून समाधान मानू नका, दुसऱ्या दिवशीच्या शुभप्रभातच्या फुलांखाली ते गाडले जातात.

'नव्वद टक्के झाले' हे उत्तर स्वीकारू नका. शेवटचे दहा टक्के कधी कधी पहिल्या नव्वदांइतकेच दिवस घेतात. त्याऐवजी काम छोट्या टप्प्यांत तोडा, प्रत्येक टप्प्याला आधीच किंमत ठरवून द्या आणि टप्पा पूर्ण झाला तरच ती किंमत मोजा, अर्धवट टप्प्याला शून्य. मग तीन आकडे पुरतात. समजा ४० लाखांचे काम आहे. आजपर्यंत २० लाखांचे टप्पे व्हायला हवे होते, झाले १४ लाखांचे, आणि खर्च झाला १८ लाख. वीसपैकी चौदा, म्हणजे वेग ठरल्याच्या ७० टक्के आहे. चौदा लाखांच्या कामाला अठरा लाख लागले, म्हणून हाच दर राहिला तर चाळीस लाखांच्या कामाला सुमारे ५१ लाख ४३ हजार लागतील. हा आकडा काम निम्म्यावर येण्याआधी कळतो, आणि तेव्हा मालकांना निर्णय घेण्यासाठी वाव असतो. लेखा विभागाचा 'खर्च ४५ टक्के' हा अहवाल यातले काहीच सांगत नाही.

१०. काम बंद करा, खरोखर बंद करा

यंत्र चालू झाले, पेढे वाटले, की सर्व जण पुढच्या कामाकडे वळतात. मग सहा महिन्यांनी ठेकेदाराची अनामत, हमीपत्राची मुदत आणि सुट्या भागांची यादी शोधत आपण फिरतो. बंद करण्याच्या पानावर पुढील गोष्टी असाव्यात: ज्या खात्याला यंत्र दिले त्या खातेप्रमुखांची ताबा घेतल्याची सही, अंतिम खर्च, ठेकेदाराची राहिलेली देणी, हमीची शेवटची तारीख, वायरिंगचे अद्ययावत नकाशे, चालविण्याच्या संमतीची प्रत आणि विमा पॉलिसीत यंत्राचा समावेश केल्याची नोंद.

त्याशिवाय बचतीची तपासणी करण्याची तारीख लिहा. पहिल्या पानावर महिन्याला ६०,००० रुपये वाचतील असे लिहिले होते, ते वाचतात का, हे चार महिन्यांनी पाहायचे. आमच्या हेमिंग यंत्राची प्रत्यक्ष बचत ४१,००० निघाली, कारण कापण्याआधी टॉवेल सरळ लावणारा एक माणूस तिथे ठेवावाच लागला. त्यानंतर शिलाई विभागाकडून येणाऱ्या प्रत्येक नव्या पानावरच्या बचतीतून मी एक तृतीयांश वजा करून क्रम लावते, आणि विभागप्रमुखांनाही ते माहीत आहे.